जनरेटर धैवतावर

काटोलात ज्याच्या घरी चालू अवस्थेतला संगणक आहे, त्याच्या दाराशी तीन प्रकारची माणसं येतात. पहिल्यांना सातबारा काढून हवा असतो. दुसऱ्यांना पोराचा बायोडाटा टाइप करून हवा असतो आणि त्यात छंद काय लिहावा हेही आपणच सुचवायचं असतं. तिसऱ्यांना काहीच नको असतं. ते नुसते येतात, पंख्याखाली बसतात, 'हे मशीन केवढ्याले पडलं?' एवढं विचारतात आणि चहा घेऊन जातात. बँडमास्तर ह्यातल्या कुठल्याच गटात बसत नव्हते. त्यांना बँड हवा होता. संगणकातून.

"सर, आपल्या बँडचं एक रेकॉर्डिंग करून द्या ना जी."

"बँड आणा, वाजवा. फोनवर करून घेऊ."

"बँड जमला असता तं तुमच्याकडे कायले आलो असतो?"

म्हणणं सोळा आणे खरं होतं. लग्नाचा बँड ही बारा महिने एका जागी सापडणारी वस्तू नाही. तुळशीचं लग्न लागलं की तो जमतो आणि मृग लागला की पांगतो. पावसाळ्यात क्लॅरिनेटवाले काकाजी कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत फवारणीला असतात, युफोनियमवाला कोंढाळीच्या रस्त्यावर ऑटो चालवतो आणि ढोलवाला रंगकामाला नागपूरला गेलेला असतो. बरं, सीझनमध्ये सगळे एकत्र असताना फोन समोर धरावा, तर फोनचा माइक ढोलाच्या पहिल्याच ठोक्याला शरण जातो आणि पुढची पाच मिनिटं नुसता पत्रा फाटल्याचा आवाज येतो. आणि हल्लीचं गिऱ्हाईक तर आधीच सांगतं, व्हॉट्सॲपवर टाका, ऐकतो, मंग सुपारी देतो.

आता ही अट काही काटोलच्या गिऱ्हाइकानं शोधून काढलेली नाही. देशानंही घातली होती. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं ह्याचा खल चालला, तेव्हा पंडित नेहरूंचा एक मुद्दा असा होता की, चाल बँडवर आणि वाद्यवृंदावर वाजायला हवी. 'जन गण मन' तशी वाजत होती. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी मग 'वंदे मातरम्'ची चाल बँडसाठी बांधली आणि ती वाजते हे घटना समितीच्या सदस्यांना ऐकवून दाखवलं. २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीताचा मान 'जन गण मन'कडे गेला आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीच्या आदराचं स्थान मिळालं. भास्करबुवा बखल्यांच्या शिष्याला, 'प्रभात'च्या संगीतकाराला जर बँडचा नमुना ऐकवावा लागला, तर आमचे मास्तर कोण लागून गेले?

मी शाळेत गणित शिकवतो. लहानपणी स्काउटमध्ये बिगुल फुंकला होता, पुढे पुस्तकावरून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलो आणि आता शाळेच्या पथकातल्या पोरांसाठी संगणकावर स्वरलेखन करतो. गावात ह्याचं भाषांतर 'सर कंप्युटरात बाजा लिहितात' असं झालेलं आहे आणि ते पुरेसं अचूक आहे.

हा बाजा लिहायच्या सॉफ्टवेअरांचीही आपापली घराणी आहेत. 'फिनाले' १९८८ चं. 'सिबेलियस' १९९३ चं, इंग्लंडातल्या फिन आडनावाच्या जुळ्या भावांनी काढलेलं आणि फिनलंडच्या थोर संगीतकाराच्या नावानं बारसं केलेलं. 'म्यूजस्कोर' वेर्नर श्वेर ह्या जर्मन गृहस्थांनी २००२ मध्ये सुरू केलं आणि फुकट वाटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेच्या मालकांनी जाहीर केलं की पस्तीस वर्षं झाली, आता आम्ही दुकान आवरतो. त्या दिवशी जगभरच्या बँडमास्तरांना सुतक आलं. मी शिक्षक असल्यामुळे सुरुवातीपासूनच फुकटवाल्या घराण्याचा गंडा बांधलेला होता, त्यामुळे मला आंघोळ करावी लागली नाही.

पूर्वी ह्या सॉफ्टवेअरातून निघणारं ट्रम्पेट हे ट्रम्पेट आहे, हे शेजारी लिहिलेलं वाचूनच कळायचं. डिसेंबर २०२२ मध्ये म्यूजस्कोरची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत नवे आवाज आले. म्हणजे खऱ्या वादकांना स्टुडिओत बसवून एकेक स्वर हळू, जोरात, तोडून, जोडून वाजवून घ्यायचा, साठवायचा आणि आपण पडद्यावर टिंब ठेवलं की त्यातला नेमका तुकडा काढून वाजवायचा. मास्तरांना मी हे समजावलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे त्या लोकायनं एकदाच वाजवलं अन् आता जन्मभर वाजून राहिले. अन् पैसे?"

"एकदाच मिळाले असतील."

"आपल्या लायनीसारखंच आहे तं."

मी 'कॉन्सर्ट बँड' नावाचा तयार साचा उघडला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत तीसेक ओळी आल्या. पिकोलो, दोन बासऱ्या, ओबो, बसून, क्लॅरिनेट पहिली-दुसरी-तिसरी, बास क्लॅरिनेट, चार सॅक्सोफोन, तीन ट्रम्पेट, चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि खाली ताशा-ढोलांचं गोऱ्या लोकांचं बिऱ्हाड.

"हा कोण?" मास्तरांनी बोट ठेवलं.

"बसून."

"अन् बाकीचे उभ्यानं?"

बसून हे लाकडाचं, चांगलं लांबलचक वाद्य असतं, हे मी चित्र काढून दाखवलं. मास्तरांनी चित्र बघितलं आणि वाद्याबद्दल एकच प्रश्न विचारला, "मेटॅडोरमध्ये बसते काय?"

पुढचा तासभर मी संगीताचं नाही, अर्थशास्त्राचं शिक्षण घेतलं. युरोपात संगीतकार तिसरी क्लॅरिनेट का घालतो, तर मधला स्वर भरायला. आमच्याकडे तिसरी क्लॅरिनेट म्हणजे एक ड्रेस, एक टोपी, एक नाश्ता, एक ताट आणि मेटॅडोरमधली एक जागा. मधला स्वर रिकामा राहिला तर नवरीचा बाप तक्रार करत नाही. ताट जास्तीचं लागलं तर करतो. मास्तर ओळीमागून ओळ दाखवत गेले, मी पुसत गेलो. ओबो गेला. चारही हॉर्न एकदम गेले. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकते आणि वरातीत समोर नाचणाऱ्याच्या पाठीत बसते, म्हणून तिन्ही ट्रॉम्बोन सुरक्षेच्या कारणावरून गेले. शेवटी दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक सॅक्सोफोन, एक युफोनियम, ढोल, साइड ड्रम, झांज आणि खुळखुळे उरले. मी म्हटलं, "मास्तर, कॅसिओ राहिला." ते म्हणाले, "तो गाडीवर असते. तो माणसात नाई धरत."

गंमत अशी की इतकी कत्तल झाल्यावर पहिल्यांदा पडद्यावर काटोलचा बँड दिसायला लागला.

आता चाल. मास्तरांच्या वडिलांनी बांधलेली एक सलामी आहे. मारुतीच्या देवळातून नवरदेव बाहेर पडला की ती वाजते. मास्तरांना स्वरलिपी वाचता येत नाही. त्यांच्या वडिलांनाही येत नव्हती. कामठीच्या छावणीत इंग्रज पलटणींचे बँड होते, ते कागद पुढे ठेवून वाजवत. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन दोन्ही शिकवत. तिथूनच सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेमात आले आणि हिंदी गाण्यांचं वाद्यवृंदाचं लेखन त्यांच्यासारख्यांनी केलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते प्रसिद्ध नाव प्यारेलालनी आपल्या ह्या गुरूची आठवण म्हणून घातलेलं. कामठी काटोलहून फार लांब नाही आणि सिनेमा तर काटोलातच लागत होता, तरी कागद काही आला नाही. आला तो कान. मास्तर ऐकतात आणि वाजवतात. मधे कुणी कागद धरला तर त्यांना दिसायचं बंद होतं.

त्यामुळे मास्तर गाणार, मी लिहिणार. सुरुवातीला 'ता-ऽऽ र रा' असं गायले आणि मी लिहून वाजवून दाखवलं तर म्हणाले, "हे नाई." पुन्हा गायले, ते वेगळं होतं. तेही बरोबर होतं. तिसऱ्यांदा गायले ते दोन्हीपेक्षा वेगळं आणि दोन्हीपेक्षा बरोबर. सॉफ्टवेअरला मात्र एकच उत्तर हवं असतं. प्रत्येक कप्प्यात मात्रा मोजून भरायच्या. अर्धी मात्रा कमी पडली तर तिथं विश्रांतीचं चिन्ह आपोआप उमटतं. मास्तरांच्या सलामीत एके ठिकाणी सम येता येता थांबते, कारण तिथं नवरदेवाचा पाय रिकिबीत अडकतो आणि मामा लोक त्याला वर ढकलतात. तो घोड्यावर नीट बसला की सम. "हे किती मात्रांचं?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "नवरदेवाच्या वजनावर आहे."

वाद्यांच्या पट्टीचा मामला मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. इंग्रजी पुस्तकात ह्या प्रकरणावर विद्यार्थी रडतात. क्लॅरिनेटवाल्यानं ज्याला 'सा' समजून वाजवावं तो पेटीच्या काळी पाचला निघतो, ऑल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला, हॉर्नचा पांढरी चारला. म्हणजे एकच स्वर हवा असेल तर प्रत्येकाला वेगळं लिहून द्यायचं. मी फळ्यावर मांडणी करायला खडू उचलला तेवढ्यात मास्तर म्हणाले, "ज्याचा त्याचा सा वेगळा. त्याच्यात लिवासारखं काय आहे?" ज्या मुलखात बाई काळी पाचला गाते, बुवा काळी एकला गातो आणि पेटीवाला दोघांकडे बघून बोटं सरकवतो, तिथं ह्या प्रकरणाला धडा म्हणत नाहीत.

सगळं लिहून झालं. मी बटण दाबलं. सलामी वाजली. स्वच्छ, सुरेल, तालात.

आतून मुलगी ओरडली, "बाबा, कुणाचा फोन होल्डवर ठेवलाय?"

इथून पुढे खऱ्या कामाला सुरुवात झाली. संगणकातला बँड खरा वाटावा म्हणून जगात काय काय करतात ते मला वाचून माहीत होतं. १९८३ पासून वाद्यांची आणि संगणकांची जी मिडी नावाची भाषा आहे, तिच्यात आवाजाचा जोर शून्य ते १२७ ह्या आकड्यांत सांगतात. तेव्हा प्रत्येक स्वराचा जोर थोडा कमीजास्त करायचा. एखादा वादक चिमूटभर उशिरा आत आणायचा. दोन क्लॅरिनेटांत सुराचा बारीकसा फरक ठेवायचा. स्वीडनच्या एका गृहस्थांनी 'नोटपरफॉर्मर' म्हणून जोड काढली आहे, ती तर वाजवण्याआधी पुढच्या सेकंदभराचं संगीत वाचून घेते आणि पुढे काय येतंय ते बघून आताचा स्वर कसा घ्यायचा ते ठरवते. मास्तरांना हे फार पटलं. "आपले लोकं बी पुढचं पाहूनच वाजवते. पुढं पानठेला आला का लवकर संपवते."

जोराच्या बाबतीत मात्र एकमत होईना. मी सुरुवात साठावर धरली होती, म्हणजे हळूहळू चढत नेता येईल. मास्तरांनी विचारलं, "सगळ्यात मोठा आकडा कोणता?"

"एकशे सत्तावीस."

"तोच लावा."

"मग चढवायचं कुठे?"

"चढवाचं कायले? नोटा ओवाळल्या का आपोआप चढते."

एकशे सत्तावीसच्या पुढचा हा मजला कुठल्याच कंपनीला अजून बांधता आलेला नाही.

मग एक प्रसंग घडला, तो मला विसरता येणार नाही. मी वरच्या सप्तकातली ट्रम्पेटची लांब ओळ सलग वाजवत ठेवली होती. ऐकता ऐकता मास्तरांचा हात आपसूक तोंडाकडे गेला. दोन बोटांनी त्यांनी वरचा ओठ दाबून धरला. त्या ओठावर मधोमध वाटोळा, गुळगुळीत घट्टा आहे. मेरठच्या जली कोठीत पितळी वाद्यं बनतात, तिथल्या ट्रम्पेटच्या मुखड्यानं पाडलेला. पडद्यावरची रेघ सरकत होती आणि मास्तर श्वास धरून बसले होते. ओळ संपल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला.

"हा मेला असता जी."

"कोण?"

"हा वाजवणारा. एवढ्या वर, एवढा वेळ, अन् दम नाई घेतला. ओठ फाटला असता याचा."

मग त्यांनी मला शिकवलं. वरातीत दोन ट्रम्पेट असतात ते दुप्पट आवाजासाठी नाही. एक वाजवतो तेव्हा दुसरा ओठ थंड करतो. वरची ओळ एकानं उचलायची, मध्यावर दुसऱ्यानं झेलायची आणि झेलताना अर्धा स्वर दोघांचा एकत्र पडू द्यायचा, म्हणजे लोकांना सांधा कळत नाही. मी ओळ दोघांत वाटली. मधे रिकाम्या जागा सोडल्या. संत्र्याच्या बागेचं पाणी तोडून ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, हे काटोलात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ट्रम्पेटचंही तेच निघालं. गप्प बसवलेल्या ट्रम्पेटनं परत तोंड उघडलं तेव्हा स्वर असा आला की मुलगी आतून बाहेर आली.

दुसरा मुद्दा उन्हाचा. स्टुडिओतले आवाज वातानुकूलित खोलीत ध्वनिमुद्रित झालेले असतात. आमची लग्नं एप्रिल-मेमध्ये, संत्र्याच्या मृग बहाराचा पैसा हातात आल्यावर, आणि शेवटची नवतप्यात. वीस अंशांवर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. चव्वेचाळीस अंशांवर तो ३५७ च्या आसपास जातो. नळी तेवढीच, आतली हवा मात्र घाईत; त्यामुळे फुंकवाद्याचा सूर चढतो. कागदावर हिशेब केला तर अर्ध्या स्वराच्या दोनतृतीयांश वाट चालून जातो. गाडीवरच्या कॅसिओला ऊन लागत नाही. तो आपला सकाळी होता तिथंच. दुपारी दोनला, लग्नाचा मुहूर्त टळून गेल्यावर, क्लॅरिनेट आणि कॅसिओ एकमेकांशी का भांडतात ह्याचं हे शास्त्रीय कारण. मी क्लॅरिनेटं थोडी वर सरकवली. मास्तरांनी मान डोलवली, "आता ऊन लागलं."

एवढं करूनही खरा बँड काही वाजेना. जोर होता, दम होता, ऊन होतं. तरी काहीतरी परकं होतं. कारण शेवटी सापडलं ते आवाजाच्या शेवटी, त्याच्या घुमण्यात. सॉफ्टवेअर बँडला एका मोठ्या सभागृहात बसवतं. उंच छत, लाकडी जमीन, आणि ऐकणारा पंधराव्या रांगेत मधल्या खुर्चीवर, मांडीवर कार्यक्रमपत्रिका घेऊन. आता मला सांगा, काटोलात जन्मलेल्या माणसानं खुर्चीवर बसून समोरून बँड कधी ऐकला आहे काय?

आपण बँड ऐकतो तो स्वयंपाकघरातून. फोडणीवर झाकण ठेवून, 'आली वाटते वरात' म्हणत. आपण तो ऐकतो वरातीमागे अडकलेल्या एसटीतून, जिथं कंडक्टर तिकिटांचा हिशेब पुरा करून घेतो आणि ड्रायव्हर स्टीअरिंगवर ठेका धरतो. दहावीचं पोरगं तो बंद खिडकीआडून ऐकतं. नवरदेव तर मुंडावळ्यांच्या आतून, घामाच्या पलीकडून ऐकतो, आणि घोडा काय ऐकतो हे घोड्यालाच माहीत. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी माणूस एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो आणि तीन गल्ल्यांतले तीन बँड एकदम ऐकतो, आणि तरी त्याला तीन वेगवेगळी गाणी कळतात. बँड आपल्याकडे येतो, अंगावरून जातो, निघून जातो. आपण त्याच्याकडे जात नाही. जगभरच्या अभियंत्यांनी वादक खरे केले, वाद्यं खरी केली. ऐकणारा खरा करायचं राहून गेलं.

मी सभागृह बंद केलं. बँड डावीकडून, लांबून आणला. आधी नुसता ढोल, कारण लांबून ढोलच ऐकू येतो. मग कोपऱ्यावर वळल्यासारखे ट्रम्पेट, मग एकदम सगळं अंगावर, आणि मग युफोनियमची शेपटी उजवीकडे जात राहते. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, कोणाची वरात हो आत्ता भर श्रावणात?"

मास्तर मात्र अजून कान टवकारून बसले होते. "सगळं आहे. पण गाडी नाई आली."

"कोणती गाडी?"

"जनरेटरची."

खरंच की. बँडच्या मागे भोंग्यांची गाडी, तिच्यावर कॅसिओ आणि तिच्यामागे घरघरणारा जनरेटर. तो नसला तर वरात वाटेत थबकल्यासारखी वाटते. सॉफ्टवेअरच्या यादीत शंख आहे, घंटा आहे, ऐरणीवर हातोडा आहे, जनरेटर नाही. मी गणिताचा आधार घेतला. आपल्या विजेची गुणगुण पन्नास हर्ट्‌झची. खर्जातल्या पांढरी पाचची कंपनसंख्या एकोणपन्नास. म्हणजे जनरेटर पांढरी पाचला बोलतो, किंचित चढा. मास्तरांची सलामी काळी पाचची. तिच्या हिशेबानं पांढरी पाच म्हणजे शुद्ध धैवत. आयुष्यभर ही सलामी धैवताच्या अखंड खर्जावर वाजत आली आहे आणि तानपुऱ्याचं श्रेय कुणीच जनरेटरला दिलेलं नाही.

आता धैवत एवढ्या खाली धरून ठेवणारं कोण? मी यादी चाळली आणि मेटॅडोरमध्ये न बसलेल्या बसूनचे थोरले बंधू निवडले: कॉन्ट्राबसून. जर्मन सिंफनीत वादळ, भूत, मृत्यू वगैरे आणणारं वाद्य. त्याला एकच स्वर दिला आणि शेवटपर्यंत सोडू नको म्हणून बजावलं. बाजूला थोडी थरथर ठेवली. मास्तर खूश झाले. "डिझेल भरलेला वाटते."

आता एक शंका राहिली होती, ती मीच काढली. म्हटलं, मास्तर, इतका हुबेहूब बँड एका फाइलीत आला तर लोक तीच लावतील. डीजे आहे, धुमाल पार्टी आहे, त्यात आता मी. तुमचं काय?

ही भीतीही जुनी आहे. मार्चचा बादशहा जॉन फिलिप सूझा, ज्याच्या नावाचा सुझाफोन खांद्यावरून गुंडाळून वाजवतात, त्यानं १९०६ मध्ये यांत्रिक संगीताविरुद्ध लेख लिहिला आणि अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगितलं की, माकडाचा माणूस होताना शेपटी झडली तशी ह्या बोलक्या यंत्रांपायी माणसाची स्वरयंत्रं झडतील. त्याच्या बँडच्या तबकड्या तोवर भरपूर खपत होत्या. सूझा गेला १९३२ मध्ये. गळा अजून शाबूत आहे आणि काटोलात तर जरुरीपेक्षा जास्तच आहे.

मास्तरांना सूझाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "नागिन वाजवली का लोकं जमिनीवर लोळते ना? त्याच्यात पुंगी आहे काय?"

नव्हती. १९५४ च्या 'नागिन'मधली ती पुंगी हेमंतकुमारांसाठी कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर आणि रवींनी पेटीवर वाजवलेली. फ्रान्समध्ये शोधलेलं यंत्र, मुंबईत वाजवलेलं, आणि सत्तर वर्षं झाली, तोंडात रुमाल धरून माणसं त्यापुढे डुलत आहेत. मेरठचं ट्रम्पेट त्या यंत्राची नक्कल करतं, यंत्र पुंगीची नक्कल करतं, नवरदेवाचा मावसभाऊ नागाची करतो. ह्या अख्ख्या साखळीत खरी गोष्ट एकच: मावसभावाची पँट गुडघ्यावर फाटते.

"फाइल लावून त्याची पँट फाटत नाई," मास्तर म्हणाले. "त्याले समोर ट्रम्पेटवाला लागते. हा वाकला का तो वाकते. तुमचं रेकॉर्डिंग सुपारीपुरतं. पुढचं आमचं."

रेकॉर्डिंग मास्तरांनी गावभर पाठवलं. नरखेडला गेलं, सावरगावला गेलं, कुणाकुणाच्या मेहुण्यांमार्फत वरुडपर्यंत गेलं. आठवडाभरात एका नवरीच्या बापाचा फोन आला. मास्तरांनी तो माझ्यासमोरच स्पीकरवर टाकला.

"ऐकलं जी. बरं वाजवता. पण ते मागून घरघर करून राहिलं, ते जनरेटर होय ना?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी संगणकाकडे बघितलं.

"हो जी. आपलंच आहे."

"आवाज लय दमदार वाटला, एकदा बी अडकला नाई. आमच्या इकडं मे महिन्यात लाइटीचा भरोसा नसते. मांडवात चार कूलर चालतीन काय त्याच्यावर? चालत असन तं तारीख धरून ठेवा. बँडचं मंग पाहू."

अशा रीतीनं काटोलात कॉन्ट्राबसूनला सुपारी मिळाली. मास्तरांनी ॲडव्हान्स घेतला आहे आणि दोन दिवसांपासून ते मला विचारत आहेत की, ह्या वाद्याला डिझेल ताशी किती लागतं.